पाणचट, पातळ, सपक, अळणी: ही एकच तक्रार नाही

माझा भाचा नोकरीसाठी पहिल्यांदाच एकटा राहायला लागला आणि स्वयंपाकही स्वतःच करायला लागला, तेव्हापासून रात्री साडेआठला त्याचा फोन ठरलेला. एकदा म्हणाला, "मावशी, आमटी बिघडलीय, काय करू?" बिघडलीय म्हणजे काय झालंय विचारलं तर म्हणे "बेकार लागतेय." आता नुसतं बेकार लागतेय यावरून मी फोनवर काय सांगणार, मीठ घाल सांगू का आटव सांगू का वरून फोडणी दे सांगू. मग एकेक विचारत गेले. अळणी आहे का, नाही. सपक आहे का, तर सपक म्हणजे काय, अरे म्हणजे तिखट-मसाला कमी लागतोय का, नाही गं तिखट आहे. मग पाणचट झालीय का? त्यावर म्हणाला, "पातळ झालीय. पण पातळ आणि पाणचट एकच ना?"

एकच नाही! आणि हा फरक मला त्याला फोनवर दोन मिनिटात नीट सांगता आला नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण हल्ली बऱ्याच जणांच्या बोलण्यात या सगळ्या शब्दांचं एकच गाठोडं झालंय आणि ते सोडवून बघण्यासारखं आहे.

सुरुवात ताटापासून करू. मी त्याला म्हटलं, ताटात भाताची मूद पाड, त्यावर दोन चमचे आमटी घाल आणि नुसतं बघत राहा. आमटी फक्त पातळ असेल तर ती भातात मुरते, शितांना पिवळा रंग येतो, थोडी खाली उतरते, पण खाली जे उतरतं ती पण आमटीच असते. पाणचट असेल तर डाळ वर भातावर अडकून बसते आणि खालून नुसतं पिवळसर पाणी निघतं, ते ताटभर पळतं, चटणीपर्यंत जातं, लोणच्याचं तेल उचलतं आणि ताटाच्या काठाशी जाऊन थांबतं. डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. चव घ्यायच्या आधी डोळ्यालाच कळतं. म्हणजे पाणी किती आहे हा प्रश्नच नाहीये, पाणी वेगळं दिसतंय किंवा जिभेला वेगळं लागतंय हा प्रश्न आहे, आणि पाणचट हा शब्द नेमकं तेवढंच सांगतो.

पातळ हा शब्द बिचारा कुणाला नावं ठेवत नाही. पातळ पोहे असतात, पातळ ओठ असतात, नेसायचं पातळ असतं, संध्याकाळी बाजारातली गर्दी पातळ होते. अळूची पातळभाजी तर लग्नाच्या पंगतीतली मानाची गोष्ट. पुरणाची डाळ शिजल्यावर जे पाणी काढतात त्याला कट म्हणतात आणि त्या कटाची आमटी करतात, ती पातळच असते, पातळच पाहिजे, पण ती चांगली जमलेली असेल तर तिला पाणचट म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, कारण त्या पातळपणात डाळीची चव, गोडा मसाला, चिंच-गूळ सगळं उतरलेलं असतं. सार आणि सोलकढीचंही तसंच. सोलकढी पातळ असतेच, पण नारळाचं पहिलं दाट दूध दुसरीकडे वापरून तिसऱ्यांदा पिळलेल्या चोथ्याच्या दुधावर भागवली तर ती पाणचट होते, आणि गंमत म्हणजे रंग तरीही छान गुलाबीच दिसतो, पहिल्या घोटाला कळतं.

यावर आकडेही बघण्यासारखे आहेत. गाईच्या दुधात मुळातच साधारण ८७ टक्के पाणी असतं. म्हशीच्या दुधात ८२-८३ टक्के. म्हणजे ज्याला आपण दाट, सायीचं दूध म्हणतो त्यातही पाचातले चार भाग पाणीच. कलिंगडात सुमारे ९२ टक्के आणि काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तरी चांगल्या काकडीला कुणी पाणचट म्हणत नाही, तिला कोवळी म्हणतात, रसदार म्हणतात. तेच कलिंगड कापल्यावर आतून फिकट निघालं आणि गोडी नसेल तर लगेच म्हणतो, पाणचट निघालं. आंबाही, जोराचा पाऊस पडून गेल्यावर झाडावरून उतरवलेला, बरेचदा पाणचट लागतो. इथे कुणी बाहेरून पाणी ओतलेलं नसतं, तरी शब्द तोच, कारण जीभ ज्या गोडीची वाट बघत होती ती आलीच नाही आणि तिच्या जागी पाणी आलं.

म्हणून मला वाटतं पाणचट या शब्दाला आधी एक अपेक्षा लागते. अमुक गोष्ट अमुक इतकी दाट, इतकी गोड, इतकी कडक असणार हे आपण धरून चाललेलो असतो. पाण्याला कुणी पाणचट म्हणतं का? पाण्याची तक्रार वेगळी, ते मचूळ असतं. खाऱ्याकडे झुकणारं, तोंडात घेतल्यावर तहान भागल्यासारखं वाटत नाही असं पाणी म्हणजे मचूळ पाणी, विहिरीचं पाणी ज्यांनी प्यायलंय त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. प्रयोगशाळेत पाण्यात आम्ल मिसळून जे पातळ करतात त्याला विज्ञानाच्या पुस्तकात विरल आम्ल म्हणतात, ते पाणचट नाही, कारण ते तसंच हवं होतं. आजारी माणसासाठी केलेली तांदळाची पेजसुद्धा पाणचट नसते, ती पातळ केलेली असते, मुद्दाम, पोटाला झेपावी म्हणून. आजारी माणूस कंटाळून तिला पाणचट म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वरण-भाताची अपेक्षा असते, पेजेची नसते!

पातळपणा मोजायला स्वयंपाकघरात जे शब्द आहेत ते इतके नेमके आहेत की मला दरवेळी त्यांचं कौतुक वाटतं. सरबरीत म्हणजे घट्टही नाही आणि अगदी पाण्यासारखंही नाही, भज्यांचं किंवा धिरड्यांचं पीठ सरबरीत भिजवतात. पळीवाढं म्हणजे पळीने वाढता येईल इतपत, पळीवाढं पिठलं, ते भाकरीबरोबर खाल्लं जातं पण ताटात धावत नाही. रस अंगाबरोबर ठेव असं आजी सांगायची, म्हणजे फोडी पोहतील इतका नको, फोडीला लपेटून राहील इतकाच ठेव. यातल्या एकाही शब्दात तक्रार नाही, सगळी मापं आहेत, आणि वाटी-चमच्याच्या मापापेक्षा मला ती जास्त उपयोगी वाटतात कारण पीठ जुनं-नवं असेल, डाळ कमी-जास्त शिजली असेल, तर मोजून घातलेलं पाणी फसवतं आणि पळीवाढं मात्र पळीवाढंच राहतं.

आता तक्रारीचे शब्द. मला खरं सांगायचंय ते इथेच आहे. आपल्याकडे बेचव हा एक सरसकट शब्द आहे, पण त्याच्या पोटात जे वेगवेगळे शब्द आहेत त्यातला प्रत्येक शब्द काय कमी पडलंय ते सांगतो, आणि जे कमी पडलंय तेच घालायचं असतं, म्हणजे उपायही त्याच शब्दात सांगितलेला असतो.

अळणी म्हणजे मीठ नाही किंवा कमी आहे. एवढंच. हा शब्द संस्कृत अलवणवरून आलेला, अ म्हणजे नाही आणि लवण म्हणजे मीठ, घासून घासून अळणी झाला. आमटी दाट असेल, तिखटजाळ असेल, तरी अळणी असू शकते. उपाय, मीठ घाल.

सपक म्हणजे मीठ असेलही पण ठसका नाही, तिखट नाही, मसाला नाही, आंबट-गोड काहीच उठून येत नाही. दुधी भोपळ्याची नुसती वाफवलेली भाजी सपक असते. ती पातळ असायची गरज नाही, कोरडी भाजीही सपक असते. उपाय फोडणीत आहे, पाण्यात नाही.

पाणचट म्हणजे चव आहे पण पाण्याने पातळ झालीय, विखुरलीय. उपाय, आटव. किंवा डाळ नीट घोट, कारण बरेचदा पाणी बरोबर असतं आणि डाळच घोटलेली नसते म्हणून ती पाण्याशी मिळून येत नाही. माझ्या भाच्याच्या आमटीचं तेच झालं होतं, कुकरची शिटी झाल्यावर डाळ तशीच पाण्यात सोडली होती. रवीने घोट आणि पाच मिनिटं बारीक गॅसवर उकळू दे म्हटलं, पाणी एक थेंब कमी न करता आमटी सुधारली.

पचपचीत हा पाणचटचा जवळचा नातेवाईक, पण यात तोंडातला स्पर्शही आला. चव नाही, वर ओलसर, गिळगिळीत, खाताना पचपच होतंय. जास्त पाण्यात शिजून गळून गेलेली भाजी पचपचीत. आणि हिला उपाय नाही फारसा, शिजून गेलेलं परत कच्चं होत नाही, पुढच्या वेळी पाणी कमी घालायचं.

फुळकवणी, कुणी पुळकवणीही म्हणतं, ही पाणचटपणाची शेवटची पायरी. फुळकवणी ताक, फुळकवणी आमटी, म्हणजे नावालाच ताक आणि नावालाच आमटी, बाकी पाणी. हा शब्द बोलतानाच तोंडात पाणी भरल्यासारखा वाटतो. आणि याच्यात पाणी खरंच लपलेलं आहे, शेवटच्या वणीमध्ये. गुळवणी, चिंचवणी, मिठवणी हे शब्द बघा, गुळाचं पाणी, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी. शब्दाच्या मध्ये आल्यावर प चा व होणं ही मराठीची जुनी खोड आहे, दीपचा दिवा झाला, कपाटचं कवाड झालं, तसंच पाणीचं वणी झालं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, इतकी वर्षं गुळवणी खात होते पण त्यातलं पाणी दिसलंच नव्हतं.

पाणचटमध्ये मात्र पाणी अगदी पुढेच बसलंय. पाणी हा शब्द दुसऱ्या शब्दाला जोडला जातो तेव्हा त्याचा शेवटचा ई गळतो आणि पाण उरतं. पाणवठा, पाणपोई, पाणबुडी, पाणलोट, पाणकावळा, पाणथळ, आणि पाणचट. शेवटी जो ट आहे तो तेलकट, तुपकट, मळकट, धुरकट, मातकट, पोरकट यांच्यातला. मराठीत हा ट लागला की बरेचदा नाक मुरडलं जातं. पिवळसर आणि पिवळट म्हणून बघा. साडी पिवळसर असते, आजाऱ्याचे डोळे पिवळट दिसतात. तेल लागतंच भाजीला, पण भाजी तेलकट झाली म्हणजे ते जिथे दिसायला नको तिथे दिसलं. पाणचटचं तसंच आहे. (आंबट, खारट, तुरट, तिखट यांच्यातही ट आहे पण ती चवींची साधी नावंच झाली आहेत, त्यात नापसंती उरली नाही, त्यामुळे हा नियम सगळीकडे लावू नका.) व्याकरणाच्या दृष्टीने शब्द अगदी सोपा, तो बदलत नाही. पाणचट चहा, पाणचट आमटी, पाणचट ताक, तिन्ही लिंगांत तसाच राहतो.

लिहिण्याचा घोळ मात्र आहे. पाणचट, पांचट, पानचट, तिन्ही दिसतात आणि त्यावरून वादही होतात. हा घोळ कसा झाला ते तोंडाने म्हणून बघितलं की कळतं. आपण पाण आणि चट असं थांबून म्हणत नाही, एका दमात म्हणतो, आणि यातला च हा चटणी आणि चमचा यांच्यातला च आहे, म्हणजे जीभ दातांच्या मागे टेकते. ण म्हणायला जीभ वर टाळूकडे वळवावी लागते आणि लगेच पुढच्या क्षणी च साठी दातांकडे आणावी लागते. जीभ इतकी धावपळ करत नाही. ती आधीच दातांकडे जाऊन बसते, आणि तिथून नाकात आवाज काढला की तो ण न राहता न सारखा ऐकू येतो. म्हणून कानाला पानचट ऐकू येतं आणि लोक तसं लिहितात. पांचट लिहिणारे त्या आवाजाला टिंब देतात आणि तेही चुकीचं म्हणता येणार नाही, १९६२ च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत पहिलाच नियम आहे की जे अनुनासिक स्पष्ट ऐकू येतं त्यासाठी शिरोबिंदू द्यावा, चिंच, तंटा, आंबा लिहितो तसं. मूळ दाखवायचं असेल तर पाणचट, बोललेलं दाखवायचं असेल तर पांचट. पानचट मात्र टाळावं असं माझं मत आहे, कारण त्यात उगाच पान शिरतं, आणि पानाचा त्या शब्दाशी काही संबंध नाही. पानाशी नातं आहे ते पातळचं! तो पत्रलवरून आला, पत्र म्हणजे पान, पानासारखं पातळ. हिंदीतला पतलाही तिथलाच. म्हणजे पान ज्या शब्दात खरोखर आहे तिथे ते कुणाला दिसत नाही आणि जिथे नाही तिथे लिहिलं जातं.

आणखी एक गोष्ट माझ्या कानाला जाणवते. लोकांनी हे दोन उच्चार नकळत वाटून घेतलेत. खाण्यापिण्याबद्दल बोलताना पाणचट म्हणतात आणि विनोदाबद्दल बोलताना पांचट. चहा पाणचट, जोक पांचट. पांचट मारू नकोस असं म्हणतात, पाणचट मारू नकोस असं मी तरी ऐकलं नाही. एकाच शब्दाची दोन पिल्लं दोन वेगळ्या घरी नांदायला लागली असं झालंय, आणि मला ते छान वाटतं, भाषेत असं होत असतं.

आता जोक पांचट कधी होतो? आमच्या ऑफिसमधला एक सहकारी चहाच्या वेळी विचारायचा, "चहाला राग आला की तो काय करतो? उकळतो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे हसले, मीही हसले, कारण शब्दाची कोटी बरोबर आहे, राग आल्यावर माणूसही उकळतो आणि चहाही उकळतो. एवढ्यावर थांबला असता तर तो छोटा, हलकाफुलका विनोद होता. पण मग तो म्हणाला, "कळलं का? उकळतो! म्हणजे रागाने उकळतो!" मग पुढे दुधाला राग आला की उतू जातं, साखरेला राग आला की विरघळते, आणि प्रत्येक वेळी स्वतः आधी हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. विनोद होता तेवढाच राहिला, त्यात पाणी वाढत गेलं. आमटीत पाहुणे वाढले म्हणून पाणी वाढवतात तसं. पांचटपणा हा यातच असतो, मूळ दाणा एवढासा आणि भांडं भरून वाढायचा आग्रह. म्हणून मला वाटतं प्रत्येक साध्या कोटीला पांचट म्हणू नये. लहान असणं म्हणजे पांचट असणं नाही, कटाची आमटी आठवा.

पांचटचा आणखी एक वापर वाढलाय आणि तो मला खटकतो. कुणा मुलीच्या फोटोखाली कुणी घाणेरडं काहीतरी लिहितो आणि लोक म्हणतात, जाऊ दे गं, पांचट माणूस आहे. नाही. तो पांचट नाही. आपल्याकडे यासाठीही शब्द आहेत आणि त्यांच्यात फरक आहे. चावट बोलण्यात थोडी मिश्कील लगट असते आणि समोरच्याला ती मान्य असते, म्हणजे नवरा-बायकोत चावटपणा चालतो. वाह्यात म्हणजे ताळतंत्र सोडून वागणारा. अश्लील आणि घाणेरडं हे त्याच्या पुढचं. जे घाणेरडं आहे त्याला पांचट म्हटलं की आपणच त्या गुन्ह्यात पाणी घालतो, तो नुसता न जमलेला विनोद असल्यासारखा वाटायला लागतो. ज्या मुलीला ते वाचावं लागलं तिच्यासाठी तो विनोद नव्हता.

लिखाणाबद्दलही हेच सगळे शब्द वापरता येतात आणि वापरावेत, कारण इथेही ते उपाय सांगतात. हे वाक्य बघा: "आजच्या या धकाधकीच्या जीवनात प्रत्येकालाच कुठे ना कुठे तरी असं वाटत असतं की पुरेशी झोप घेणं ही एक अत्यंत महत्त्वाची अशी गोष्ट आहे." यात सांगण्यासारखं काय आहे, तर झोप पुरेशी घ्यावी. बाकी पाणी. धकाधकीचं जीवन काढा, कुठे ना कुठे काढा, अशी गोष्ट काढा, अर्थाचा एक कणही कमी होत नाही. हे पाणचट वाक्य, उपाय आटवणं. सपक लेख वेगळा, त्यात फालतू शब्द नसतील, माहिती बरोबर असेल, पण एकही उदाहरण नाही, कुणाचा चेहरा नाही, वाचून काही उठून राहत नाही, त्याला आटवून उपयोग नाही, फोडणी लागते. आणि मिळमिळीत लेख म्हणजे ज्यात लिहिणारा कुठल्याच बाजूला उभा राहत नाही, हेही खरं आणि तेही खरं म्हणत शेवटाला येतो. मिळमिळीत हा मूळचा चवीचाच शब्द, पण आता भूमिका, उत्तर, निषेध, खुलासा यांच्यासाठी जास्त वापरला जातो. पाणचट भाषण आणि मिळमिळीत भाषण यात फरक हा की पाणचट भाषणात म्हणणं असतं पण पसरलेलं असतं, मिळमिळीत भाषणात म्हणणंच नसतं.

माणसाच्या कमजोरीसाठी मात्र पाणचट चालत नाही, तिथे वेगळी मंडळी आहेत. पाणचट माणूस म्हणजे पांचट विनोद करणारा, दुबळा नव्हे. दुबळ्यासाठी पुळचट आहे, नेभळट आहे, शेळपट आहे, मेंगळट आहे. पुळचट माणूस आधी मोठं बोलतो आणि वेळ आली की मागे सरतो, नेभळट आधीपासूनच बोलत नाही, मेंगळटाला कशातच हुरूप नसतो. लेचापेचा हा गमतीचा, तो बहुतेक वेळा नकारातच येतो, ती काही लेचीपेची बाई नाही. वस्तूंसाठी तकलादू, म्हणजे दिसायला ठीक पण टिकायची नाही.

आणि याच पाण्याने मराठीत बळ दाखवणारे शब्दही दिलेत हे मला सगळ्यात नवलाचं वाटतं. पाणीदार डोळे, पाणीदार मोती, पाणीदार घोडा. तोच पाणी शब्द, एकाला चट लागला आणि तो फिका पडला, दुसऱ्याला दार लागला आणि तो चमकला. लोहार विळ्याचं पातं लाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो, वाफ उठते आणि पात्याची धार कडक होते, त्याला पाणी देणं म्हणतात. धारेवर जी चमक येते तिलाही पाणीच म्हणतात, मोत्याच्या तेजालाही पाणी. मग तिथून ते माणसाकडे आलं. समोरच्याचं पाणी जोखणं, आपलं पाणी दाखवणं, आणि चारचौघात कुणाचा अपमान केला की पाणउतारा करणं, म्हणजे त्याच्यावरचं ते तेज उतरवणं. पाणचट आणि पाणउतारा एकाच पाणपासून निघालेत पण पहिल्यात पाणी जास्त झालंय आणि दुसऱ्यात पाणी उतरलंय.

एक जागा मात्र अशी आहे जिथे माझी ही सगळी मांडणी अडखळते, ते म्हणजे ताक. आमच्या घरी यावर एकमत कधीच झालं नाही. आजी ताक करताना दही रवीने घुसळून लोणी काढायची आणि मग त्यात इतकं पाणी घालायची की काका ग्लास उजेडाला धरून म्हणायचा, आई, हे फुळकवणी आहे. आजीचं म्हणणं, उन्हातून आलास, तहान लागलीय, तुला दही पाहिजे का ताक? आणि खरंच, जिरेपूड, मीठ, थोडं किसलेलं आलं घातलेलं ते ताक दोन ग्लास सहज जायचं, आणि दाट ताकाने तहान भागायची नाही. मग ते पाणचट होतं का? काकाच्या अपेक्षेने होतं, आजीच्या अपेक्षेने नव्हतं. ताटातली आमटीची खूणही इथे चालत नाही, कारण ताक थोडा वेळ ठेवलं की कितीही चांगलं असलं तरी खाली पांढरा साका बसतो आणि वर पाणी दिसतं. आजी तेवढ्यासाठी प्रत्येक ग्लास देण्याआधी पातेल्यात पळी फिरवायची. ढवळून लगेच प्यायलं आणि तरीही आंबटपणा जिभेवर आलाच नाही, मीठ तेवढं आलं आणि मागून पाणी आलं, तर ते पाणचट, असं मी आता धरते. काकाला मात्र हे अजून मान्य नाही.